न सांगता गेलेली पाखरं

कातुंगी म्हाताऱ्यानं अकरा वर्षांत माझ्या हातचा मासा एकदाही तोंडात घातला नाही. मी डबा उघडला की तो उठून बोटीच्या पार पुढच्या टोकाला जाऊन बसायचा आणि नाकाला रुमाल लावायचा.

"पोरी, तो सडका प्राणी झाक आधी."

"म्झी, तुमच्या अंगाला सकाळपासून शेणाचा वास येतोय. मी काही बोलले?"

आमच्याकडे पिकल्या केसांच्या माणसाला म्झी म्हणतात. मान द्यायचा असला तरी म्झी आणि टोमणा मारायचा असला तरी म्झीच, फक्त सूर बदलायचा. माझा सूर बहुतेक टोमण्याचाच असायचा.

मी नाकिबुले. मबुरोच्या तळ्यावर मासे धरणाऱ्यांच्या वस्तीत वाढले. जंगली जनावरांसाठी राखलेल्या पार्कात येणाऱ्या पाहुण्यांना तळ्यावर फिरवणारी मोटारबोट मी चालवते, आणि कातुंगी त्यांना पाखरं दाखवायचा. तो गुरांवाल्यांतला, लांब शिंगांच्या गाई राखणाऱ्यांतला. ते लोक माशाला शिवत नाहीत. वर मासे खाणाऱ्या तोंडाला आपलं दुधाचं भांडंही लागू देत नाहीत. गाय आटते म्हणे! त्यामुळे त्याच्या लाकडी चंबूतलं दूध मीही कधी चाखलं नव्हतं. त्यानं माझ्या माशाला नाक मुरडायचं, मी त्याच्या दुधाला मुरडायचं, आणि दिवसातून दोन फेऱ्या एकाच बोटीतून मारायच्या. कॅन्टीनमधले ड्रायव्हर त्याला आमचा संसार म्हणायचे. मेल्यांच्या जिभेला हाड नाही.

पण माणूस कानाचा राजा होता, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. पाहुणे हातभर लांब दुर्बिणी घेऊन यायचे आणि लव्हाळ्यात टक लावून बसायचे. हा डोळे मिटून बसायचा. "आधी कान, मग डोळा," म्हणायचा. मग बोट वर करायचा. "डावीकडं, वाळक्या फांदीखाली, छोटा निळा खंड्या. आत्ता उडेल." आणि उडायचा! एकदा एका बाईंनी विचारलं, तो उडणार हे तुम्हाला कसं कळलं? म्हातारा म्हणाला, "त्यानं सांगितलं की." बाई खो खो हसल्या. म्हातारा हसला नाही. त्याला त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

तळ्याची गोष्ट तो प्रत्येक फेरीला सांगायचा. दोघे भाऊ होते, किगारामा आणि मबुरो. किगारामाला स्वप्न पडलं की दरी पाण्याखाली जाणार. तो उठला आणि डोंगरावर गेला. मबुरोनं त्याचं ऐकलं नाही. तो बुडाला आणि तळ्याला त्याचंच नाव पडलं. "म्हणजे बघा," म्हातारा शेवटी म्हणायचा, "एका न ऐकणाऱ्याच्या डोक्यावरनं आपण बोट हाकतोय." मला ती गोष्ट तोंडपाठ होती, तरी तेवढ्यापुरती मी मोटार बंद करायचे.

हे गवत त्याच्या बापाचं. आज जिथं पाहुण्यांच्या जीपगाड्या झेब्रे बघायला थांबतात, त्या टेकडीवर त्यांचा गुरांचा वाडा होता. पार्क झाला तेव्हा सगळ्यांना उठावं लागलं. दोघे थोरले भाऊ गुरं घेऊन दक्षिणेला टांझानियाच्या हद्दीत जायला निघाले. कातुंगी तेव्हा बाविशीचा. तो अडून बसला, म्हणाला, मी हे गवत सोडणार नाही. भांडण झालं. त्यांच्यात रीत अशी की वाडा हलवताना जाणारा माणूस मागं राहणाऱ्याला आपल्या भांड्यातलं दूध पाजतो. दूध पाजून गेलेला माणूस कधी ना कधी परत येतो. न पाजता गेला, तर तो मनातनंच उठून गेला असं धरतात. एके पहाटे कातुंगीला जाग आली तेव्हा वाडा रिकामा होता. राख अजून ऊन होती, आणि दुधाचं एकही भांडं मागं ठेवलेलं नव्हतं.

हे त्यानं मला एकदाच सांगितलं, बोट पाण्यात ढकलता ढकलता. "मला उठवलं असतं तरी मी काय त्यांना अडवणार होतो?" एवढंच म्हणाला आणि पुढं जाऊन बसला.

मग तो पार्कातच कामाला लागला. आधी गवत कापायला, मग रस्त्यांवर, मग पाखरांवर. बायको सहा वर्षांपूर्वी वारली. एकुलती एक मुलगी, केम्बाबाझी, म्बाराराला शाळेत शिकवते. पार्काच्या हद्दीबाहेर एक खोली, शेजाऱ्याच्या गोठ्यात एक गाय आणि तळ्यावर पाखरं, एवढाच त्याचा गोतावळा. संध्याकाळी वाड्यात शिरणारी एकेक गाय गुरांवाले नावानं हाक मारून आत घेतात. हा सकाळच्या पहिल्या फेरीला पाखरांना तसं घ्यायचा. "आलास का रे निळ्या? आलीस का गं लालपाये?" लालपायी म्हणजे लाल पायांचा आमचा लाजरा पाणपक्षी, काठावरच्या वाकलेल्या फांद्यांखाली लपून पोहणारा. त्याच्यासाठी लोक समुद्र ओलांडून येतात. म्हाताऱ्याच्या लेखी ती एक जरा भित्री कालवड होती.

गेल्या वर्षीच्या कोरड्या महिन्यांतली गोष्ट. एका सकाळी धक्क्याजवळच्या बाभळीखाली तो मान वर करून थांबला.

"शिंजीर आठ दिवस बोलत नाही गं. तुला ऐकू आला?"

शिंजीर माझ्या डोक्यावर, हात वर केला तर लागेल इतक्या जवळ, जीव तोडून चिवचिवत होता. मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. त्यात मोटारीच्या टाकीत पाणी गेलं होतं, पाहुणे खोळंबले होते आणि माझं डोकं तापलं होतं. मी म्हटलं, "नाही बाई."

दोन शब्द. बोलायला काय लागतं?

त्यानं मान हलवली. फेरी संपल्यावर धक्क्यावरच्या नोंदवहीत, जिथं आम्ही रोजची पाखरं लिहितो, शिंजिराच्या नावापुढं त्यानं सावकाश लिहिलं: गेला.

मला खरं काय ते कळलं दोन दिवसांनी. माशीमार पक्षी बोटीच्या दांडीवर येऊन बसल्यासारखा ओरडत होता आणि हा माझ्याकडं बघून विचारत होता, "माशीमारही नाही का गं?" त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. माझं मोठ्यानं बोलणं त्याला ऐकू येत होतं, पाखरांचे बारीक आवाज तेवढे त्याच्या कानांतून गेले होते. सांगायचं होतं, अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण कानावर जगलेल्या माणसाला तुमचे कान गेले, हे कसं सांगायचं? शिवाय वाटाड्याचा परवाना दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो. ऐकू न येणाऱ्याला तो कोण देणार? परवाना गेला की तळं गेलं, आणि तळं गेलं की म्हाताऱ्याजवळ राहिलं काय, तर परक्याच्या गोठ्यातली एक गाय. म्हणून मी म्हटलं, "नाही, म्झी." एकदा खोटं बोललं की दुसऱ्या खोट्याला दार उघडंच असतं.

तुम्ही म्हणाल, ऐकू नाही आलं तर नाही, दिसत नव्हती का? अहो, चिमणीएवढी ती पाखरं, लव्हाळ्यात नाहीतर झाडाच्या शेंड्यावर. कान सांगेल तिकडं डोळा वळतो. कानच सांगेना तर डोळ्यानं शोधायचं कुठं? चुकून एखादं समोर दिसलंच, तर म्हातारा हळहळायचा. "एकटंच राहिलं गं बिचारं. कसं गप्प बसलंय बघ." ते बिचारं तेव्हा चोच वासून गात असायचं.

"वाडा हलवलाय त्यांनी," म्हणायचा. "कुठंतरी बरं पाणी लागलं असेल. जावं की, मी का नको म्हणतोय? पण जाताना सांगून जायचं."

मी, जिला आमच्या वस्तीत भोंगा म्हणतात, मूग गिळून बसले. एखाद्या पाहुण्यानं लव्हाळ्याकडं कान लावून "हा कुणाचा आवाज?" असं विचारलं की मी झटकन मोटार सुरू करायचे. मोठी पाखरं दाखवून वेळ मारून न्यायचे. मत्स्यगरुड आहे, रातबगळा आहे, लालपायी आहे, झालंच तर पाणघोडे आहेत, पाहुणे खूश. दुसऱ्या बोटीवरच्या वाटाड्यांची नोंदवही वेगळी, आणि एकमेकांची वही कोण वाचतो? वर्षभर असंच निभलं. शिंजीर गेला, माशीमार गेला, वटवट्या गेला, निळा खंड्या गेला. एकूण सात. दर वेळी तो मला विचारायचा, दर वेळी मी नाही म्हणायचे, आणि दर वेळी तो वहीत तोच एक शब्द लिहायचा.

सकाळचं पुकारणं हळूहळू कमी होत गेलं आणि मग बंदच पडलं. कोण आलं म्हणून कुणाला पुकारायचं? तो पुढच्या टोकाला पाठमोरा बसून राहायचा. मी डबा उघडला तरी नाकाला रुमाल लावायचा नाही. ते मला सगळ्यात जास्त खुपलं. एकदा मी मुद्दाम तळलेला मासा त्याच्या नाकासमोर धरला. तो नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "खा तू. निवेल."

"थोरल्या आवाजाची तेवढी राहिली," एके दिवशी म्हणाला. "गरुड, पाणघोडे, होले. आणि तू."

"केम्बाबाझी काय म्हणते?" मी विषय बदलला.

"ती काय म्हणणार? फोन करायचं सोडलं तिनं. मागं म्हणाली, बाबा, तळं सोडा आता, इकडं या. मी नाही म्हटलं. रागावली असणार."

"मग तुम्ही करा की एक फोन. हात झिजतील का?"

"गेलेल्यानं आधी पुकारायचं असतं, पोरी. मागं राहिलेल्यानं नाही."

झालं! गुरांवाल्यांचा हा ताठा म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी चार शब्द सुनावले. त्यानं ऐकले की नाही, कोण जाणे.

मग त्या वहीनंच घोटाळा केला. वर्षअखेरीला आमच्या वह्या कंपालाला मोठ्या कचेरीत जातात. तिथं कुणीतरी त्या वाचल्या, आणि एका तळ्यावरच्या सात जातींपुढं "गेला" बघून हादरलं. पार्काच्या साहेबांना चिठ्ठी आली: पाखरांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई गुरुवारी येतील, कातुंगीच्याच बोटीतून फिरतील आणि पाखरं का गेली त्याचा छडा लावतील.

म्हातारा किती महिन्यांनी हसला! "कुणीतरी विचारायला येतंय गं," म्हणाला. त्यानं चांगला सदरा इस्त्रीला दिला. कुठल्या महिन्यात कोण गेलं ते बोटांवर घोकायला लागला. माझी मात्र झोप उडाली. बाई बोटीत बसणार, पहिल्या वळणावर सातही पाखरं एका सुरात बोलणार, आणि हा इस्त्रीच्या सदऱ्यात उभा राहून म्हणणार, बघा बाई, कसं सगळं सामसूम झालंय. चारचौघांत त्याचं हसं होणार होतं, आणि त्याला तिथवर नेऊन उभं करणारी मी होते.

बुधवारी दुपारी आम्ही कॅन्टीनच्या बाकावर चहा पीत होतो. त्याच्या पिशवीत फोन वाजायला लागला. टिर्रर्र टिर्रर्र, कानठळ्या बसतील असा. म्हातारा शेजारी बसून शांतपणे चहा फुंकत होता. मी पिशवीत हात घातला आणि फोन कानाला लावला.

"बाबा?"

"बाबा नाही गं, मी नाकिबुले. बोटीवरची."

पलीकडं केम्बाबाझी एकदम रडायलाच लागली. "चार महिने दर रविवारी लावतेय हो. उचलतच नाहीत. आज म्हटलं मधल्या वारी लावून बघावं. एवढा राग धरतं का कुणी पोटच्या पोरीवर?"

रविवारी माझी सुट्टी. मी तो फोन कधी ऐकलाच नव्हता. एका क्षणात सगळं माझ्या डोक्यात लख्ख झालं, आणि मला माझीच चीड आली. पाखरांचं ठीक, पण ह्या माणसाची मुलगी दर रविवारी त्याला हाक मारत होती आणि तो तीही गेली म्हणून बसला होता. "ठेव," मी तिला म्हटलं, "आणि लगेच परत लाव."

"कुणाशी बोलतेस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी फोन त्याच्या कानाजवळ धरला. तो पुन्हा वाजायला लागला. म्हातारा माझ्याकडं बघत राहिला.

"काय?"

"वाजतोय, म्झी. आत्ता वाजतोय."

"काहीतरीच. वाजतोय कुठं?"

शेजारच्या बाकावरचा ड्रायव्हर वैतागून मागं वळला. "अहो म्झी, उचला की तो! डोकं उठलं माझं!"

म्हाताऱ्यानं ड्रायव्हरकडं पाहिलं, फोनच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि मी एका दमात सगळं बोलून टाकलं. टाकीतलं पाणी, पहिलं नाही, दुसरं नाही, परवाना, सगळं. माझा आवाज मोठा, अर्ध्या कॅन्टीननं ऐकलं असेल. मला त्याचं भान नव्हतं.

चहावर साय धरली.

"शिंजीर?" शेवटी त्यानं विचारलं.

"आहे."

"माशीमार?"

"आहे, म्झी."

"निळा?"

"आत्ता धक्क्याच्या खुंटावर बसलाय. बडबड चाललीय त्याची."

त्यानं धक्क्याकडं पाहिलं. डोळे बारीक केले. खुंटावरचा निळा ठिपका त्याला दिसला असावा, कारण त्याचा हात आपोआप थोडा वर उचलला गेला.

"वर्षभर मी तुला विचारत होतो," तो म्हणाला. "रात्री पडल्या पडल्या विचार करायचो, माझं काय चुकलं म्हणून सगळे न सांगता जातात. तुला विचारायचो ते त्यासाठीच. आणि तू नाही म्हणायचीस."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. भांडण मला जमतं. तो नुसता उठला, फोन घेतला आणि काठाकाठानं चालत गेला. चहा तसाच राहिला.

गुरुवारी तो आला. सदरा इस्त्रीचा होता. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. पुढच्या टोकाला जाऊन बसला. कंपालाच्या बाई तरुण होत्या, गळ्यात दुर्बीण, मांडीवर आमची वही. "म्झी, तुमच्या नोंदींनी आम्हाला फार काळजीत टाकलंय," त्या आदरानं म्हणाल्या. म्हाताऱ्यानं हात पुढं करून मला निघायची खूण केली.

पहिलं वळण आलं. मी मोटार बंद केली. बाईंनी मान वर केली, कपाळाला आठी पडली. "हा तर शिंजीर ना?"

माझा हात आपसूक मोटारीच्या दोरीकडं गेला. वर्षभराची सवय.

"बंद ठेव," म्हातारा मागं न बघता म्हणाला.

मग तो उठून उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली. "बाई, पाखरं कुठं गेली नाहीत. माझे कान गेले. वही चुकीची आहे आणि ती मी लिहिली आहे."

बाई गडबडल्या. "पण वर्षभर तुम्हाला कुणीच काही सांगितलं नाही?"

त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं असतं तरी ते माझ्या कर्माचं फळ होतं.

"मी ऐकून घेणाऱ्यातला नाही," तो म्हणाला. "ह्या तळ्याला नावच न ऐकणाऱ्याचं आहे." आणि त्या बाईंना त्यानं दोघा भावांची गोष्ट सांगितली, रोज सांगायचा तशीच, एक शब्दही कमी न करता. मी मागं बसून डोळे पुसत होते. माणूस आपल्यावर रागावलेला असताना आपल्याला पाठीशी घालतो, हे सोसायला फार कठीण.

गोष्ट संपल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं तोंड फिरवलं. "पोरी, आता सांग. खरं सांग."

मी सांगायला लागले. "शिंजीर, उजवीकडच्या बाभळीत."

"आलास का रे," म्हातारा म्हणाला.

"वटवट्या, लव्हाळ्यात."

"कितव्या जुडग्यात?"

"तिसऱ्या."

"बापाच्याच जागेवर बसलाय लेकाचा. आलास का रे."

मी नाव घ्यायचे, तो बसायची जागा विचारायचा, आणि प्रत्येकाला आत घ्यायचा. पाखराचा आवाज त्याला एकाचाही ऐकू येत नव्हता. तरी तोंड त्या त्या बाजूला करून तो क्षणभर थांबायचा, जणू ओ मिळाली. बाईंनी दुर्बीण खाली ठेवली होती. सातही झाली. लालपायी मात्र त्यानं स्वतः दाखवली, आम्हा दोघींच्या आधी. ती तशीही फार बोलत नाही.

बाईंनी वहीतले ते सात शब्द लाल शाईनं खोडले. त्या भल्या होत्या, पण परवान्याचं त्यांच्या हातात नव्हतं, साहेबांच्याही नव्हतं. साहेबांनी फाटकावर बसायचं काम देऊ केलं. म्हातारा म्हणाला, "फाटकावर कोण येतं कोण जातं ते बघत बसू? ते मी आयुष्यभर केलं." शनिवारी केम्बाबाझी त्याला न्यायला आली. म्बाराराला कानाचा डॉक्टर आहे, कानात घालायचं यंत्र मिळतं म्हणाली. गुरुवारच्या फेरीनंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मी दोनदा त्याच्या खोलीपर्यंत गेले आणि दारातूनच परत फिरले. न पाजता जाणार, हे मी मनाशी धरलं होतं. चूक माझीच होती, मग तक्रार कुणाकडं करायची?

सोमवारी सकाळी मी बोटीतलं पाणी उपसत होते. वर रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. केम्बाबाझी गाडीपाशी उभी राहिली आणि म्हातारा काठी टेकत खाली धक्क्यावर आला. काखेत लाकडी चंबू. तो खाली बसला आणि चंबूचं विणलेलं गवती झाकण काढलं. गवताची धुरी दिलेल्या भांड्याचा वास आला.

"पी."

मी बघतच राहिले. "म्झी, मी सकाळीच सुका मासा खाल्लाय."

"कळलं ते. वास वर रस्त्यापर्यंत येतोय. पी."

"गाय आटेल तुमची."

"आटली तर आटली. पी म्हटलं ना?"

मी हात अंगावरच्या कपड्याला पुसले, दोन्ही हातांनी चंबू धरला आणि प्याले. दूध अजून कोमट होतं, धुरकट लागत होतं. अर्धं माझ्या गळ्याखाली गेलं, अर्धं हुंदक्यानं हनुवटीवर आलं. मला त्याची माफी मागायची होती. पण अख्ख्या तळ्याला ऐकू जाणारा माझा आवाज नेमका तेव्हा फुटेना. नुसते ओठ हलले.

"मोठ्यानं बोल की. मला ऐकू येत नाही, तुला माहीत नाही का?" तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत जुना मिश्किलपणा क्षणभर दिसला.

"परत या!" मी ओरडले. काठावरचे दोन बगळे घाबरून उडाले.

"येणारच. पाजलंय ना दूध." त्यानं चंबू माझ्या हातातून घेतला, माझं तोंड लागलेली कड पुसलीसुद्धा नाही, तसाच काखेत धरला आणि काठी टेकत वर गेला.

गाडीची धूळ बसेपर्यंत मी तिथंच उभी होते. मग पाहुणे आले, नवा वाटाडा आला आणि मी पहिल्या फेरीला निघाले. वळणावर मोटार बंद केली. सगळी पाखरं बोलत होती, शिंजीर, वटवट्या, निळा, सगळी. इतक्या कलकलाटात मला इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पुढचं टोक रिकामं होतं. मी डबा उघडला आणि तसाच मिटून ठेवला.

परत आल्यावर नव्या वाटाड्यानं वहीत दिवसाची पाखरं लिहिली. त्याचं झाल्यावर मी पेन मागून घेतलं. माझं अक्षर वाईट आहे, पण सगळ्यांच्या खाली, जागा होती तिथं, मी नीट लिहिलं: कातुंगी, सांगून गेला.